न आलेल्या पाखराची नोंद

दिलेलें मोजूं नये, अशी आपल्या घराघरांतील शिकवण आहे. काकबलि ठेवणारा गृहस्थ वर्षांत किती कावळे जेवून गेले याचें टिपण ठेवीत नाहीं. दान मोजलें कीं त्याचें मोल उतरतें, ही समजूत आम्हांसही मान्य आहे. असें असतां, दाण्यावर येणारीं पाखरें मोजणें हाच ज्यांनीं आपला हिंवाळ्यांतील नेम केला आहे अशा कुटुंबांविषयीं आज लिहावेंसें वाटलें. कारण त्यांच्या या साध्या उद्योगांत सत्याचरणाचा एक कठीण प्रश्न दडलेला आहे.

हा उद्योग उत्तर अमेरिकेंतील. तेथें थंडी पडूं लागली म्हणजे अनेक कुटुंबें पक्ष्यांसाठीं अंगणांत दाण्याचीं पात्रें टांगतात. १९७६ सालीं कॅनडांतील ऑन्टॅरिओ प्रांतांत या पात्रांवर येणाऱ्या पक्ष्यांची पद्धतशीर गणती सुरू झाली; आणि १९८७ च्या हिंवाळ्यापासून कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र-संस्थेच्या सहकार्यानें ती 'प्रोजेक्ट फीडरवॉच' या नांवानें खंडभर पसरली. मोजणारे शास्त्रज्ञ नव्हत, सामान्य संसारी माणसें आहेत. हिंवाळ्याच्या महिन्यांत लागोपाठचे दोन दिवस निवडावे, खिडकीशीं बसावें, आणि एका जातीचे जास्तींत जास्त किती पक्षी एकाच वेळीं दिसले तेवढाच आंकडा लिहावा, असा नियम आहे.

नियम दिसतो तितका सोपा नाहीं. काळ्या टोपीचा चिकडी हा चिमुकला पक्षी एक दाणा उचलतो, दूर नेऊन खातो किंवा लपवून ठेवतो, आणि पुन्हां येतो. सकाळभरांत वीस फेऱ्या झाल्या, पण एका वेळीं तीनच पक्षी दिसले, तर वहींत तीनच लिहावयाचे. मन म्हणतें, निदान आठ तरी असतील. आणि कदाचित् असतीलही. परंतु वाटलें तें लिहावयाचें नाहीं, दिसलें तें लिहावयाचें. सर्वांनीं एकाच मापानें मोजलें तरच यंदाची गेल्या वर्षाशीं तुलना होऊं शकते.

कोणी म्हणेल, आतां घरोघर कॅमेरा आहे. मग माणसाच्या शब्दावर विसंबण्याचें कारण काय? एखादा दुर्मीळ पक्षी आल्याचें कळविलें तर तपासणारे छायाचित्र मागतात, आणि तें योग्यच आहे. पण छायाचित्र आलेल्या पाखराचें निघतें. न आलेल्या पाखराचें कसें काढावें? 'दोन दिवस बसलों, कोणीही आलें नाहीं' या वाक्यास लिहिणाऱ्याच्या सचोटीवांचून दुसरा साक्षी नाहीं. आणि नेमका येथेंच मनुष्य ढळतो. तो खोटें लिहितो असें नाहीं. तो लिहीतच नाहीं. रिकाम्या अंगणाची काय नोंद करावयाची, असें म्हणून वही मिटतो.

या मौनाची किंमत किती असती तें एका उदाहरणानें कळतें. ईव्हिनिंग ग्रोसबीक हा पिवळ्या अंगाचा, जाड चोंचीचा पक्षी पूर्वीं थव्यांनीं पात्रांवर येई. १९८८ ते २००६ या काळांत तो ज्या अंगणांत दिसे त्यांची संख्या सुमारें निम्म्यानें घटली, असें या नोंदींवरून उघड झालें. तो आला तेव्हांच कोणी लिहिलें असतें, तर ही घट कळली नसती. न आल्याचें लिहिणारे होते म्हणूनच ती कळली.

याहून कठीण कसोटी पुढेंच आहे. १९९४ सालीं वॉशिंग्टनच्या आसपास हाउस फिंच या पक्ष्यांचे डोळे सुजून ते आंधळे होतांना दिसूं लागले. रोग संसर्गजन्य होता, आणि एकाच पात्रावर पक्ष्यांची दाटी झाल्यानें तो फैलावण्यास मदत होई. आपण दयेनें टांगलेल्या पात्रावर आंधळें पाखरूं बसलें आहे, हें स्वतःच्या हातानें लिहिणें म्हणजे आपल्या दयेविरुद्ध आपणच साक्ष देणें होय. तरी पुष्कळांनीं तें लिहिलें. आणि पात्रें उतरवून स्वच्छ करावीं, प्रसंगीं कांहीं दिवस दाणेच घालूं नयेत, हा धडाही त्यांना गिरवावा लागला. दान बंद करण्यांतही दया असूं शकते, हें नोंद नसती तर कोणाच्या ध्यानांत आलें असतें?

आपल्याकडेही 'चिमण्या नाहींशा झाल्या' असें आपण सर्रास म्हणतों. पण २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरील अहवालांत, मोठ्या शहरांत चिमण्या कमी झाल्या तरी एकंदर देशांत त्यांची संख्या सुमारें पंचवीस वर्षें बरीचशी स्थिर आहे, असें आढळलें. आमचा शोक खोटा नव्हता; पण आमच्या खिडकीपुरता होता. तो देशाच्या नांवावर लिहिण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

दिलेलें मोजूं नये, हें आम्ही अजूनही मानतों. परंतु पानावर किती वाढलें याचा हिशेब वेगळा, आणि पाहुणा आला कीं नाहीं, बरा आहे कीं आजारी, ही विचारपूस वेगळी. पहिल्यानें यजमानाचा अहंकार पोसतो. दुसरी न करणाऱ्याच्या आतिथ्यास आम्ही अपुरें म्हणूं. कोणी पाहत नसतां वहींत शून्य लिहिणारा मनुष्य आम्हांस म्हणूनच आदरणीय वाटतो. पाखरूं आलें नाहीं याचें त्याला दुःख आहे; पण त्या दुःखासाठीं तो एक पाखरूं वाढवून लिहीत नाहीं.