घोडा, गिटार आणि गप्प बसणं

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या कलम 17 मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगितलंय आणि समजावायला काही उदाहरणं दिलीत. एक घोड्याचं आहे. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नाही. लगेच पुढचं उदाहरण: समजा 'ब' ही 'अ'ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र नात्यामुळे खोट सांगणं हे 'अ'चं कर्तव्य ठरतं.

माझ्याकडे घोडा नाही, इलेक्ट्रिक गिटार आहेत. दिवसा कोड लिहितो, रात्री हेडफोन लावून वाजवतो (शेजारी सुखी). वन बीएचकेमध्ये तीनपेक्षा जास्त गिटार मावत नाहीत, त्यामुळे चौथी आवडली की आधी एक विकावी लागते. म्हणजे वर्षातून एकदा-दोनदा मी 'अ' असतो. आणि समोरचा 'ब' बहुतेक वेळा नुकताच सज्ञान झालेला असतो. फर्स्ट इयरला, बजेट ठरलेलं, सोबत एक मित्र, ज्याला त्याच्याहून थोडंसंच जास्त कळतं.

त्याला काय काय सांगायचं?

सेकंडहँड गिटारवाल्यांमध्ये प्रामाणिकपणाची एक ठरलेली यादी आहे. हेडस्टॉक कधी तुटला होता का, पिकअप मूळचे आहेत का, रंग परत मारलाय का. हेडस्टॉकचा मुद्दा मुख्यतः गिब्सन लेस पॉलसारख्या गिटारमध्ये येतो. तिचं डोकं मागे कललेलं असतं, त्यामुळे स्टँडवरून पडली की मानेपाशीच मोडते. नीट चिकटवली तर ती वर्षानुवर्षं उत्तम वाजते, पण किंमत धाडकन खाली येते. ही दुरुस्ती लपवणारा माणूस आमच्यात बदनाम होतो, आणि व्हायलाच हवा. पण यादी पुन्हा बघा. त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा किमतीचा आहे. ती जमवणाऱ्यांनी केलेली यादी आहे, वाजवणाऱ्यांनी नाही.

वाजवणाऱ्याला नडतात त्या गोष्टी कोणी विचारत नाही. उदाहरणार्थ नट, म्हणजे मानेच्या टोकाची ती छोटी पट्टी, जिच्या खाचांमधून तारा डोक्याकडे जातात. खाचा पुरेशा खोल नसतील तर पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच राहतात. मग तिथे तार दाबायला जास्त जोर लागतो, आणि दाबल्यावर ती ताणली जाऊन सूर चढतो. शिकणाऱ्यांचा कर्दनकाळ असलेला एफ कॉर्ड नेमका पहिल्या फ्रेटवर. किंवा ट्रस रॉड घ्या, मानेच्या आतली लोखंडी सळई. सहा तारा मिळून मानेला साधारण 45 किलोच्या ताणाने ओढत असतात, तो ताण ही सळई पेलते. तिचा नट आधीच शेवटपर्यंत पिळलेला असेल, तर पावसाळ्यात मान आणखी वाकली की पिळायला काही उरत नाही. बाहेरून गिटार नवी कोरी दिसते.

इथे गिटार आणि फोन यांत फरक पडतो. जुना फोन हँग झाला तर फोन हँग झाला हे कुणालाही कळतं. शिकाऊ मुलाला गिटारचा दोष गिटारचा म्हणून दिसतच नाही. एफ वाजत नाही, सूर फाटतो, बोटं दुखतात. तो म्हणतो माझी बोटं आखूड आहेत, मला कान नाही, मी उशिरा सुरू केलं. तीन महिन्यांनी गिटार कपाटावर जाते. विकणाऱ्याकडे तक्रार कधीच येत नाही, कारण मुलाच्या मते बिघाड त्याच्यातच आहे. त्याचे पैसे फुकट गेले हा त्यातला लहान भाग. आपल्याला संगीत जमत नाही, असं एक खोटं मत तो स्वतःबद्दल बाळगतो, आणि ते दुरुस्त व्हायला पुढे कारणच घडत नाही.

यावर एक आक्षेप खरोखर विचार करण्यासारखा आहे: दोष कशाला म्हणायचं? फ्लीटवूड मॅकच्या पीटर ग्रीनची 1959 ची लेस पॉल घ्या. तिच्या एका पिकअपचा चुंबक उलटा होता. दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पोकळ, नाकातून आल्यासारखा यायचा. एखाद्या दुकानदाराने ते 'ठीक' करून दिलं असतं. ग्रीनने तोच आवाज आपला केला. पुढे त्याने ती तरुण गॅरी मूरला अगदी स्वस्तात दिली. आज ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. पण या दोघांना काय घेतोय ते ऐकू येत होतं. उलट्या चुंबकाची मजा ज्याला कळते, त्याला विकणारा गप्प बसला तरी बिघडत नाही.

म्हणून कायद्यातलं ते नात्याचं कारण मला अपुरं वाटतं. मुलीला सांगायचं ते ती मुलगी आहे म्हणून, की नुकती सज्ञान झालेली ती घोडा पारखू शकत नाही म्हणून? दुसरं कारण धरलं, तर अनोळखी फर्स्ट इयरवालाही त्यात येतो, आणि वीस वर्षं वाजवणारा माझा सख्खा चुलतभाऊ येत नाही. कलमात आणखी एक उदाहरण आहे: 'ब' म्हणतो, तू नाकारलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी धरून चालेन, 'अ' गप्प राहतो. तिथे गप्प राहणं हे बोलण्यासारखंच मानलंय. 'दादा, सगळं ओके ना?' या प्रश्नाला मान हलवून चहा विचारणारे आपण सगळे त्यात बसतो.

सांगण्यालाही किंमत आहे, आणि ती फक्त माझ्या खिशातून जात नाही. ट्रस रॉडचं पुराण लावलं की मुलगा घाबरतो, आणि पुढच्या गल्लीतल्या हसतमुख माणसाकडून याहून वाईट गिटार घेतो. हे मी पाहिलंय. त्यामुळे जे सुधारता येतं ते मी विकण्याआधी सुधारून घेतो, आणि उरलेलं हातात देतो. माझी दुसरी, नीट सेटअप केलेली गिटार शेजारी ठेवतो. दोन्हींवर एफ दाबून बघ म्हणतो. एफ येत नसला तरी फरक बोटांना कळतो.

सध्या एक विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय: पहिले तीन फ्रेट झिजलेत, ट्रस रॉड शेवटच्या टप्प्यात, किंमत त्या हिशोबाने. दोन आठवड्यांत तिघांचे मेसेज आले. दोघांनी भाव पाडून मागितला. तिसऱ्याने विचारलं, 'दादा, ट्रस रॉड म्हणजे काय?' त्याला रविवारी बोलावलंय.