बिनसाक्षीची सेवा

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे काही वाचकांच्या मनात येईल. फराळाचे ताट समोर असताना आठवण हरवलेल्या म्हाताऱ्या माणसांची आणि त्यांना ठेवण्याच्या आश्रमांची गोष्ट काढणे रसभंगाचे आहे, हे मलाही कळते. पण या विषयाचा दिवाळीशी संबंध आपण समजतो त्यापेक्षा जवळचा आहे. पुण्याचा मुलगा, सुरतेची मुलगी, नाशिकची नातवंडे याच चार दिवसांत एका छपराखाली जमतात, आणि आईने सकाळपासून तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला, हे याच चार दिवसांत सर्वांच्या लक्षात येते. भाऊबीज झाली, परतीच्या पिशव्या भरल्या, की माजघरात हलक्या आवाजात बोलणे सुरू होते. त्यात कधी ना कधी आश्रमाचे नाव निघते, आणि पाठोपाठ प्रश्न येतो की आश्रम चांगला आहे हे ओळखायचे कसे? वरवर हा प्रश्न व्यवहाराचा दिसतो. थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो, आणि म्हणूनच घरातल्या सर्वांनी मिळून विचार करावा अशा योग्यतेचा आहे.

आपल्याकडे 'साठी बुद्धी नाठी' म्हणून हे प्रकरण मिटवून टाकण्याची रीत आहे. पण डाळीत मीठ घातले की नाही हे विसरणे निराळे, आणि डाळ चुलीवर ठेवल्यावर पुढे काय करायचे असते हेच विसरणे निराळे. पहिले वयामुळे होते. दुसरा मेंदूचा आजार असतो. जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात १९०१ साली एक्कावन्न वर्षांची एक बाई आली. डॉ. आलोईस आल्झायमर तिच्याजवळ बसून तिला साधे साधे प्रश्न विचारीत आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवीत. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिच्या मेंदूची तपासणी केली आणि त्याच वर्षी ती हकीगत वैद्यांच्या सभेत मांडली. त्यांचेच नाव पुढे या आजाराला मिळाले. आपल्या देशात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अठ्ठ्याऐंशी लाखांच्या घरात माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली असावीत, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निघाला. 'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही आहे. तेथे क्रोधातून मोह, मोहातून स्मृतीचा भ्रंश आणि त्यातून बुद्धीचा नाश असा क्रम सांगितला आहे. तो माणसाच्या स्वतःच्या दोषाचा परिणाम. आजाराला आपण तोच शब्द वापरतो, आणि नकळत रोग्याकडेही अपराध्यासारखे पाहू लागतो. "मुद्दाम करते" हे वाक्य अशा घरांतून फार ऐकू येते. ती मुद्दाम काही करीत नसते.

आता आश्रमांचे. महाराष्ट्रात वृद्धाश्रमांची सरकारी योजना १९६३ सालची आहे. १९९५ साली 'मातोश्री वृद्धाश्रम' योजना आली. २००७ च्या केंद्रीय कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम काढण्याचा अधिकार राज्यांना दिला. पण पुष्कळ ठिकाणच्या प्रवेश-अर्जांत एक अट हमखास आढळते, की माणूस हिंडता-फिरता हवा, स्वतःचे स्वतः करणारा हवा, त्याला मानसिक आजार नसावा. व्यवस्थापकांची अडचण समजण्यासारखी आहे. पण परिणाम असा की ज्याला आधार सर्वांत जास्त हवा, त्याच्यापुढेच दार बंद. मग जामनेरसारख्या तालुक्याच्या गावचे कुटुंब पुण्या-मुंबईकडच्या खाजगी संस्थांचे पत्ते शोधू लागते आणि एखाद्या रविवारी गाडी करून 'पाहून' येते.

काय पाहून येते? फरशी, बाग, देवघर, पलंगावरच्या चादरी, भिंतीवरचा टीव्ही. आम्हा शाळामास्तरांना तपासणी म्हणजे काय हे चांगले ठाऊक आहे. साहेब यायच्या दिवशी भिंतींना चुना लागलेला असतो, कपाटातले नकाशे बाहेर येतात, आणि हुशार मुले आपोआप पुढच्या बाकांवर बसतात. तरीही शाळेला एक कायमचा धाक असतो, आणि तो साहेबाचा नसतो. मूल संध्याकाळी घरी जाते आणि शाळेत काय झाले ते आईला सांगते. दुकानदाराने माप मारले तर गिऱ्हाईक बोलते, दवाखान्यात हेळसांड झाली तर रोगी बोलतो. स्मृती गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र हा धाकच उरत नाही. त्याला दुपारी उपाशी ठेवले, तर संध्याकाळी तो सांगणार नाही. त्याला प्रेमाने न्हाऊ घातले, तर तेही सांगणार नाही. तक्रार नाही, तशी कृतज्ञताही नाही. सेवा करणाऱ्याला साक्षीदारच नाही.

येथे एक कठोर प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. जिला काही आठवणारच नाही, तिला चांगले वागवले काय आणि कसेबसे वागवले काय, फरक तो कोणता? मोठ्याने असे कोणी म्हणत नाही, पण "तिला आता काय कळते!" या वाक्यात तेच दडलेले असते.

याचे एक उत्तर शास्त्राने दिले आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ साली आल्झायमर झालेल्या सतरा जणांना काही दुःखाच्या आणि काही आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिले ते फारसे सांगता येईना. पण चित्रांनी मनात उमटलेला खेद किंवा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. कारण पुसले गेले, पण भाव मागे उरला. सकाळी कोणी खेकसले हे म्हातारीला घटकाभराने आठवत नाही. घटकाभराने ती भेदरलेली मात्र असते, आणि का भेदरलो हे तिला सांगता येत नाही. ज्या दुःखाचे कारण माहीत आहे त्याची समजूत घालता येते. हिच्या दुःखाची समजूत तरी कोण कशी घालणार?

दुसरे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे. पहिल्या दोन वर्षांतले आपल्याला काय आठवते? आईने किती रात्री जागून काढल्या, कोणी अंगाला तेल लावले, कोणी खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारल्या, यांतले अक्षरही आपल्यापाशी शिल्लक नाही. म्हणून ते सारे वाया गेले असे कोणी म्हणत नाही. कोणी म्हणेल की लेकराला पुढचे आयुष्य असते, तेथे कष्टाचे फळ दिसते. म्हातारीला पुढे काय आहे? खरे आहे. परंतु फळ दिसते म्हणून केलेल्या कामात थोडासा हिशेब असतोच. जेथे आठवण नाही, परतफेड नाही, पुढची आशाही नाही, तेथे केलेल्या सेवेतच सेवा करणाऱ्याचा खरा स्वभाव कळतो. आश्रमाची पारख करायची ती येथे.

ती कशी करावी याचा एक मार्ग इंग्लंडातील ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या टॉम किटवुड यांनी दाखवला. तपासणाराने कार्यालयातली नोंदवही पाहत बसू नये. दिवाणखान्यात, जेवणघरात चार-पाच रोग्यांजवळ तासन् तास बसावे, आणि दर पाच मिनिटांनी ते काय करीत आहेत, त्यांचा चेहरा कसा आहे, त्यांच्याशी कोण काय बोलले हे टिपावे, अशी ती पद्धत. मारहाण म्हणता येणार नाही अशा किती गोष्टींनी माणूस खचतो, हे त्यांनी मांडले. त्याच्यासमोर त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलणे, त्याला झेपणार नाही अशी घाई करणे, ऐंशी वर्षांच्या माणसाला बाळासारखे दटावणे, या त्या गोष्टी. दर पाच मिनिटांची नोंद आपल्याला जमणार नाही, पण दोन तास गुपचूप बसणे कोणालाही जमेल.

बसायचे ते दिवेलागणीला. या आजारात पुष्कळांचा जीव संध्याकाळी कासावीस होतो. "मला घरी जायचे आहे" हा धोशा तेव्हाच सुरू होतो. सकाळी दहाला सगळेच आश्रम शांत असतात. जेवणाच्या वेळी ताटाकडे पाहावे. ताट पुढे ठेवणे आणि जेवू घालणे यांत फार अंतर आहे; न शिवलेले ताट किती मुकाट्याने परत जाते, ते तेथे कळते. हातांकडे पाहावे. नावे विसरलेल्या बाईचे हातही पुष्कळदा कामे विसरत नाहीत. आमच्या कापसाच्या मुलखातली आजी मुलाला ओळखत नाही, पण कापूस हाती दिला तर वाती वळू लागते. तिला वाती वळू देतात, की 'राहू द्या आजी' म्हणून हात रिकामे ठेवतात?

तेच हात बांधलेले तर नाहीत ना, हेही पाहावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही धरला आहे. माणसाला साखळीने बांधण्यास त्यात साफ मनाई आहे, आणि नोकर कमी आहेत एवढ्या सबबीवर कोणाला जखडून ठेवता येणार नाही असेही त्यात म्हटले आहे. दोरीइतकीच गोळीचीही चौकशी करावी. मनोविकारावरील काही औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ सालीच दिला आहे. औषध कधी लागतेही. पण कोणत्या डॉक्टरांनी दिले, कशासाठी आणि किती दिवस, एवढे विचारण्याचा हक्क घरच्यांना आहे. शेवटी, तेथे राबणाऱ्या बाईला विचारावे, की तुम्हाला रात्री झोप मिळते का, पगार वेळेवर होतो का? जिच्या स्वतःच्या जिवाला विसावा नाही, तिच्याकडून धीराची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

हा शेवटचा प्रश्न विचारताना मात्र आपले घर डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. आईला आश्रमात ठेवले म्हणजे टाकली, आणि घरी ठेवली म्हणजे सांभाळली, असा हिशेब गावात सरसकट चालतो. पण घरी सांभाळते कोण? बहुतेक वेळा सून, जिला वर्षभर सलग चार तास झोप मिळालेली नसते. आणि सांभाळल्याचे नाव होते मुलाचे. मागच्या खोलीला बाहेरून कडी लावून "आमची आई घरीच आहे" असे अभिमानाने सांगणारेही असतात. वर सांगितलेल्या साऱ्या कसोट्या या घरालाही लागू आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २०१३ च्या 'अस्तु' चित्रपटात स्मृती गेलेले एक विद्वान हत्तीच्या मागे चालू लागतात, आणि त्यांना पोटच्या पोरासारखे जपते ती हत्तीवाल्याची बायको, जिला त्यांची विद्वत्ता ठाऊक नाही की नाव ठाऊक नाही. माया कोठे सापडेल याला रक्ताच्या नात्याचा नियम नाही.

पण परक्याने माया केली तरी त्याला एका गोष्टीची वाण राहते, आणि ती आपणच पुरवू शकतो. आमच्याकडे पाचोरा–जामनेर अशी छोटी गाडी होती. लोक तिला 'पी. जे.' म्हणत. २०२० साली ती बंद झाली. गावातले एक वृद्ध गृहस्थ त्यानंतरही रोज संध्याकाळी पिशवी घेऊन निघत, "गाडीची वेळ झाली" म्हणून. नातू सांगे, "आबा, गाडी बंद झाली." ती बातमी त्यांना रोज नव्याने कळे, आणि रोज नव्याने धक्का बसे. शेजारी मात्र विचारी, "आबा, पहूरला उतरणार की शेंदुर्णीला?" की आबा ओट्यावर बसत आणि शेंदुर्णीच्या सोयऱ्यांच्या गोष्टी सांगत; पिशवी बाजूला राही. शेजाऱ्याने खोटे काहीच सांगितले नव्हते. तो आबांच्या काळात जाऊन बसला, एवढेच. आता हेच आबा दूरच्या आश्रमात असते, तर 'पी. जे.' म्हणजे काय हे तेथे कोणाला कळले असते? या आजारात मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी जाते आणि लहानपणची राहते. तावडी किंवा अहिराणीत पाणी मागणाऱ्या आजीपुढे पुस्तकी मराठी बोलणारी परिचारिका गोंधळून उभी राहिली, तर दोष कोणाचा? गाणेही असेच उशिरापर्यंत टिकते. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी १९५१ साली त्या गेल्यानंतर, १९५२ मध्ये पुस्तकात आली. तशा ओव्या जिच्या ओठांवर आहेत, तिच्या ओव्या आश्रमाला कोण सांगणार?

म्हणून या दिवाळीत, सगळे एकत्र आहेत तोवर, वहीची दोन पाने भरून काढावीत. तिला माहेरी कोणत्या नावाने हाक मारीत, चहा किती गोड लागतो, कळण्याची भाकरी कशाबरोबर आवडते, कोणती ओवी येते, कशाची भीती वाटते, कोणाची आठवण काढली की रडते, हे सारे लिहावे. मुलांनाही लिहायला बसवावे. त्यांना आजीची जी गोष्ट माहीत असते ती कित्येकदा मोठ्यांना नसते. ती आश्रमात जावो की घरी राहो, जी बाई तिचे करणार असेल तिच्या हाती ती पाने द्यावीत. मग महिन्यातून दोनदा, न कळवता, दिवेलागणीला जाऊन तिच्याजवळ बसावे. ती ओळखणार नाही; कदाचित "कोण तुम्ही?" असे विचारील. आपण नाव सांगावे आणि कापूस पुढे करावा.