हजेरी

आमच्या ढोकीच्या बाजारात कुणाचा ऊस तुटला, कुणाच्या पोरीला बघायला कुठले पाहुणे येऊन गेले, हे दुपारपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचं कधी काही वाटलं नाही. म्हणून ‘कंपन्या आपली माहिती गोळा करतात’ ही ओरड मला बरीच वर्षं शहरी माणसाची तक्रार वाटायची. दार उघडं ठेवून जगणाऱ्याला खासगीपण कशाला हवं?

हे मत हललं ते लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचल्यावर. त्यांचं गाव धनेगाव आज लातूर जिल्ह्यात असलं, तरी १९८२ पर्यंत ते आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. तिथे पोलिसांची धाड पडायला कुणी काही केलेलं असावं लागत नव्हतं, जन्म कुठल्या जमातीत झाला एवढं पुरे होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने याला रीतसर रूप दिलं होतं: नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचं तर परवाना. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी केली. लोक त्या भागाला अजून सेटलमेंट म्हणतात. १९५२ साली कायदा गेला, संशय राहिला.

गावाची नजर आणि पोलिसांची ती हजेरीची वही यांतला फरक मला तेव्हा कळला. गाव माझ्याकडे बघतं, तसं मीही गावाकडे बघतो. वहीत ज्याचं नाव आहे त्याला मात्र वही उघडता येत नाही.

न्यायालयालाही हे उमगायला वेळ लागला. उत्तर प्रदेशातल्या खरकसिंगला दरोड्याच्या प्रकरणात धरलं आणि पुराव्याअभावी सोडलं. तरीही पोलीस रात्री-बेरात्री येऊन त्याचं दार ठोठावत राहिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचं दार ठोठावणं बंद केलं, पण खासगीपण हा मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं. न्या. सुब्बाराव यांना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडला. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा हक्क मान्य केला.

तोवर वही प्रत्येकाच्या खिशात आली होती. आपण कुठे जातो, कुणाशी बोलतो, कशावर बोट थांबतं, याची हजेरी फोन न सांगता लावतो.

मग राईनपाडा घडलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२१ च्या नियमांत सरकारने त्यापुढची मागणी केली: मेसेज मुळात कुणी धाडला ते सांगता आलं पाहिजे. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

राईनपाड्याच्या बातम्या वाचताना मीही हेच म्हणत होतो, पहिला मेसेज धाडणारा सापडलाच पाहिजे. आजही त्या पाच जणांचा विचार आला की तसंच वाटतं. पण तो एक सापडावा म्हणून कोट्यवधी लोकांच्या प्रत्येक मेसेजवर खूण ठेवावी लागेल, आणि ती उलगडायची वेळ आली की पहिलं दार कुणाचं वाजेल? ज्यांची नावं आधीपासून वहीत आहेत त्यांचं. राईनपाड्यात मेलेलेही भटकेच होते. त्यांच्या न्यायासाठी मागितलेलं हत्यार त्यांच्याच वस्तीवर फिरेल, या भीतीने मी ती मागणी सोडली.

पाळत कधीच नको, असं मी म्हणत नाही. पण तिच्यामागे लेखी कारण हवं, न्यायाधीशाची सही हवी, आणि जिच्यावर ती ठेवली त्या व्यक्तीला नंतर का होईना कळायला हवं. आज आपल्याकडे फोन ऐकायची परवानगी गृहसचिव देतात. ती योग्य होती का, हे तपासणारी समितीही सरकारी अधिकाऱ्यांचीच असते.