आप्तवाक्याचे मोर्तब

दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून आपण जे जाणतो त्याला ज्ञान म्हणावे की केवळ श्रद्धा, हा प्रश्न भारतीय दर्शनकारांनी शतकानुशतके लावून धरला. चार्वाकांनी शब्दाला प्रमाणांच्या पंगतीत बसूच दिले नाही. वैशेषिकांनी आणि बौद्ध तार्किकांनी त्याला अनुमानाच्या घरी आश्रित म्हणून ठेवले. गौतमाच्या न्यायदर्शनाने मात्र प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला त्याला चौथे स्वतंत्र आसन दिले, आणि त्याचा सारा भार बोलणाऱ्याच्या आप्तपणावर, म्हणजे विश्वासार्हतेवर, टाकला. तरुणपणी आठल्ये-बोडसांच्या आवृत्तीतून अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचताना हा वाद मला विद्वत्सभेपुरता वाटे. पुढे उदरनिर्वाहासाठी सर्व्हरांची देखभाल पत्करली, रोज सकाळी लॉग वाचण्याचा क्रम जडला, आणि तोच वाद यंत्रांच्या पोटात क्षणोक्षणी, अगदी रोकड व्यवहाराच्या रूपाने चालू असतो हे हळूहळू ध्यानी आले.

माणसाच्या ओठी नाव येते आणि यंत्राला अंकांचा पत्ता लागतो; या दोहोंचा मेळ घालणाऱ्या व्यवस्थेला आम्ही धंद्यातले लोक डीएनएस म्हणतो. इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या आर्पानेटच्या काळी हे काम एका यादीवर भागे. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, एलिझाबेथ फाइन्लर यांच्या देखरेखीखालची कचेरी ती यादी राखी. कोणी नवे यंत्र जोडले की त्याने कचेरीला वर्दी द्यावी, कचेरीने फेरफार नोंदवावा, आणि बाकीच्यांनी अधूनमधून यादीची नक्कल उतरवून न्यावी, असा रिवाज होता. यंत्रे वाढली, एका कचेरीला तो बोजा पेलेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी यादी मोडून तिची वाटणी केली. आपल्याकडील जुन्या मुलकी दप्तरात सुभ्याला परगणे ठाऊक असत, परगण्याला गावे, आणि घरांची खडान्खडा माहिती गावच्या कुळकर्ण्यालाच असे. तशीच ही रचना आहे. सर्वांच्या वर मूळ, ज्याला रूट म्हणतात. 'इन' किंवा 'ऑर्ग' या प्रांतांची दप्तरे कोणाकडे आहेत एवढेच त्याला ठाऊक. प्रांताला ठाऊक की अमुक संस्थेचे दप्तर कोणाकडे. आणि प्रत्यक्ष पत्ता सांगण्याचा अधिकार शेवटच्या दप्तरदाराचा. मुळाच्या सर्व्हरांची नावे तेरा, कारण त्या काळच्या ५१२ बाइटांच्या उत्तरात तेवढीच मावत. त्या तेरांच्या प्रतिकृती मात्र आज जगभर पसरल्या आहेत आणि मुंबईतही आहेत.

आता विचारणारे यंत्र, म्हणजे रिझॉल्व्हर, एकदा मिळालेले उत्तर टाकून देत नाही. ते कॅशमध्ये जपून ठेवते आणि पुन्हा कोणी तेच विचारले तर आठवणीतून सांगते. नैयायिकांनी स्मृतीला प्रमेच्या, म्हणजे प्रमाणसिद्ध ज्ञानाच्या, बाहेर ठेवले ते याच विवेकाने, की ती नव्याने काही जाणत नाही, पूर्वीच्या अनुभवाच्या संस्कारातून उठते. हा भेद नामव्यवस्थेच्या कर्त्यांनी प्रत्येक उत्तरात एका बिटाच्या खुणेने दर्शवला आहे: दप्तरदार स्वतः बोलत असेल तर ती खूण उमटते, कोणी आठवणीतून सांगत असेल तर उमटत नाही. त्यापुढे जाऊन त्यांनी स्मृतीला मुदतही लावली. दप्तरदार प्रत्येक उत्तरासोबत सेकंदांचा एक आकडा देतो, ८६,४०० असा आकडा असेल तर एक दिवस. तेवढा काळ लोटला की आठवण आपोआप रद्द होते आणि पुन्हा दप्तरदाराकडे विचारपूस करावी लागते. स्मृती हा शब्द आपल्याकडे धर्मशास्त्राच्या ग्रंथांनाही लागतो, आणि त्या स्मृतींतील कितीएक निर्बंध आपल्या समाजाने मुदतीवाचून, ज्या परिस्थितीने ते उपजवले ती केव्हाच पालटली असताना, पिढ्यान्‌पिढ्या वागवले आणि त्यापायी असंख्य माणसांना, विशेषतः स्त्रियांना आणि अस्पृश्य मानलेल्यांना, सोसावे लागले, हे आठवले म्हणजे त्या साध्या आकड्याकडे मी आदराने पाहतो.

अभावाचा प्रश्न याहून सूक्ष्म. एका शिक्षणसंस्थेच्या निकालासाठी नवे नाव चालू करायचे होते. नोंद होण्याच्या काही मिनिटे आधी मी उतावीळपणे ते नाव अस्तित्वात आले का असे विचारून पाहिले, उत्तर आले की असे नाव नाही, आणि आमच्या रिझॉल्व्हरने ते 'नाही' तासभरासाठी ध्यानात ठेवले. नोंद झाली, बाहेरच्या जगाला नाव दिसू लागले, आणि त्याच इमारतीत बसलेल्या विद्यार्थ्यांना मात्र तासभर ते नव्हतेच. वस्तू जशी स्मरते तसा तिचा अभावही स्मरतो, हे मला त्या दुपारी शिकायला मिळाले. पण अभाव जाणायचा तरी कसा? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी त्यासाठी अनुपलब्धी हे निराळे प्रमाण मानले. नैयायिकांचे म्हणणे असे की रिकामी जमीन डोळ्यांना दिसते तेव्हा तिच्यावरचा घटाभावही त्याच दृष्टीने कळतो. नामव्यवस्थेत अभावाला पुरावा जोडण्याची गरज पडली तेव्हा तिच्या कर्त्यांनी जो मार्ग काढला तो नैयायिकांच्या फार जवळचा आहे. जे नाही त्यावर सही करता येत नाही. म्हणून सारी नावे वर्णानुक्रमाने मांडून दोन शेजाऱ्यांमधल्या रिकाम्या जागेवर सही करायची. आंब्यानंतर थेट चिंच आहे, अशी दप्तरदाराची सही असली म्हणजे केळे नाही हे सिद्ध झाले. रिकामी जमीनच दाखवली. मात्र ती दाखवताना शेजारी कोण राहतात हेही उघड झाले, आणि त्यावर पडदा घालण्याची निराळी तजवीज पुढे करावी लागली.

सहीची गरज पडली कशासाठी, याचा विचार केला म्हणजे आपण मूळ वादाशी येतो. मीमांसक कुमारिलाच्या मते ज्ञान उपजतानाच प्रमाण असते. बाधक ज्ञान झाले किंवा ज्या कारणातून ते उपजले त्यात दोष आढळला, तरच त्याचे प्रामाण्य ढळते. आरंभीची नामव्यवस्था नकळत याच पक्षाची होती. विचारलेल्या प्रश्नावर एक क्रमांक असे, तोच क्रमांक घेऊन जे उत्तर पहिले येईल ते खरे. तो क्रमांक सोळा बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांपैकी एक. २००८ मध्ये डॅन कॅमिन्स्की यांनी दाखवून दिले की लबाड यंत्राला अटकळीची संधी वारंवार मिळवता येते, आणि एकदा क्रमांक जुळला की केवळ एका नावाचे नव्हे, सबंध दप्तराचे खोटे उत्तर रिझॉल्व्हरच्या आठवणीत रुजवता येते. ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून, प्रवृत्ती सफल झाल्यावर कळते, हा नैयायिकांचा उपायही येथे तोकडा पडतो. मृगजळाने तहान भागत नाही, म्हणून ते खोटे ठरते. पण खोट्या पत्त्यावरची पेढी हुबेहूब खऱ्या पेढीसारखी उघडते, प्रवृत्ती सफल झालेली दिसते, आणि पैसे गेल्यावरच भ्रम फिटतो.

त्या वर्षी तातडीचा इलाज म्हणून अटकळ अधिक अवघड केली गेली. खरा इलाज, जो आधीपासून आखून तयार होता, तो शिक्कामोर्तबाचा. प्रत्येक दप्तरदाराने उत्तरावर आपल्या गुप्त किल्लीने सही करावी, त्या किल्लीचा ठसा वरच्या दप्तरात नोंदलेला असावा, वरच्याने त्या नोंदीवर आपली सही करावी, आणि असे चढत चढत मुळापर्यंत जावे. मुळाच्या सहीची खातरजमा कोणी करायची? प्रत्येक प्रामाण्याला दुसरे प्रामाण्य मागत गेले तर अनवस्था होते, हा मीमांसकांनी परतःप्रामाण्यवाद्यांवर, म्हणजे नैयायिकांवर, घेतलेला आक्षेप येथे उत्तराविना उभा राहतो. अभियंत्यांनी अनवस्था तोडली ती एका जागी थांबून: मुळाच्या किल्लीचा ठसा खातरजमा करणाऱ्या प्रत्येक रिझॉल्व्हरमध्ये आधीच लिहून ठेवलेला असतो. तो सिद्ध केलेला नसतो, स्वीकारलेला असतो.

मग हे सारे श्रद्धेवरच आले, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या किल्लीच्या राखणीत आहे. मुळावरची पहिली सही १५ जुलै २०१० रोजी जगासमोर आली. तिची किल्ली त्याच्या महिनाभर आधी व्हर्जिनियातील कल्पेपर येथे उपजवण्यात आली, आणि तिची दुसरी प्रत कॅलिफोर्नियातील एल सेगुंडो येथे ठेवण्यात आली. तेव्हापासून वर्षातून साधारण चार वेळा निरनिराळ्या देशांतील विश्वस्त या दोहोंपैकी एका जागी एकत्र येतात. त्या जागेच्या सात जणांपैकी किमान तिघे हजर नसतील तर तिजोरीतील यंत्र चालू होत नाही. काय करायचे याचा लेख आधी प्रसिद्ध होतो, प्रत्येक पायरीची वेळ टिपली जाते, एखादी चूक झाली तर तिचीही नोंद होते, आणि सारा विधी जगाला पाहता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये एल सेगुंडो येथील तिजोरीचे कुलूप उघडेना, तेव्हा कारागीर बोलवावे लागले, विधी चार दिवस लांबला, आणि तेही कोणी झाकून ठेवले नाही. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने आप्ताचे जे वर्णन केले त्यात ज्ञानाइतकेच महत्त्व जसे जाणले तसे सांगण्याच्या इच्छेला आहे, आणि ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना हे लक्षण सारखेच लागू पडते असे तो म्हणतो. आप्तपण जन्माने किंवा स्थानाने येत नाही. ते आचरणाने राखावे लागते, आणि राखलेले दिसावे लागते. सहीने सिद्ध होते ते एवढेच, की हे वाक्य अमक्याचे आहे आणि वाटेत कोणी बदललेले नाही. ते वाक्य खरे आहे हे सहीत मावत नाही. खोटारड्या दप्तरदाराचीही सही अस्सल असते. मोर्तबाने आप्ताची ओळख पटते, त्याचा प्रामाणिकपणा त्यालाच सांभाळावा लागतो.

मुळाची ही किल्ली बदलण्याची वेळ आली तेव्हाचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. जुनी किल्ली नव्या किल्लीची ग्वाही देते; पण ऐकणाऱ्या यंत्राने ती लगेच मानायची नाही, तीस दिवस ती ग्वाही अबाधित राहते की नाही हे पाहायचे आणि मगच नवी किल्ली आपल्या दप्तरी घ्यायची, असा नियम आहे. बदल व्हायचा होता ११ ऑक्टोबर २०१७ रोजी. पण काही रिझॉल्व्हरांनी नवी किल्ली अजून ओळखलेली नाही असे दिसून आले, आणि त्या मागे राहिलेल्यांसाठी सबंध जगाचा बदल वर्षभर पुढे ढकलला गेला. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी, आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ वाजले असता, तो झाला. मी आमच्या रिझॉल्व्हरसमोर बसून होतो. मुळाच्या किल्ल्यांची मुदत दोन दिवसांची, त्यामुळे त्या रात्री माझे यंत्र जुन्याच सहीच्या आठवणीतून बोलत राहिले; मी मुदतीचा आकडा उतरताना पाहिला आणि दिवा मालवून घरी गेलो. ती आठवण सरल्यावर त्याने मुळाला पुन्हा विचारले, आलेली सही नव्या किल्लीची होती, आणि उत्तरावर खातरजमा झाल्याची खूण होती.