आधी माप, मग नथ

बोर्ड भिंतीला टेकव आणि मागे हो. अजून मागे. आता सांग, ही बाई उभी आहे की खुंटीला टांगलेली?

समोर मॉडेल म्हणून मावशी उजव्या पायावर भार टाकून उभ्या होत्या. भार घेणाऱ्या पायाकडचं कमरेचं हाड वर चढतं आणि तोल राखायला त्याच बाजूचा खांदा खाली येतो. तुझे खांदे आणि कंबर मात्र पट्टी लावून आखल्यासारखे. गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोड. तो उजव्या घोट्यापाशी यायला हवा. तुझा दोन्ही पावलांच्या बाहेर पडतोय. बाई आता कोसळणार, धर तिला.

डोकं किती वेळा बसतं ते मोजलंस? मोज, मी थांबतो. सहासुद्धा भरत नाही ना? मोठ्या माणसाची उंची साधारण साडेसात डोकी. सहा डोक्यांत शाळकरी पोर होतं, आणि तू त्याला नऊवारी नेसवलीस. असं का झालं तेही सांगतो. तू डोळ्यांपासून सुरुवात केलीस. मग पापण्या, मग नथ. चेहरा फुगत गेला, खाली कागद संपत आला, तेव्हा पाय कापलेस. नथीतले मोती मोजता येतात आणि मांडीला जागा नाही! उंचीचा मध्य कमरेवर नसतो, जांघेशी असतो, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही ठाऊक असतं.

हाताचा पंजा हनुवटीपासून कपाळावरच्या केसांपर्यंत भरतो. तो जमला नाही म्हणून पदराखाली दडवलास. मला कळणार नाही असं वाटलं?

आता या चुण्या. मावशींचं लुगडं धुऊन धुऊन मऊ झालेलं, सुती. त्याच्या चुण्या बारीक, अंगाला धरून. तुझ्या कागदावर कोऱ्या रेशमाच्या टोकदार घड्या कुठून आल्या? मोबाईलमधल्या फोटोतून. समोर बाई तासभर ताटकळली, पायाला मुंग्या येऊन, आणि हा गुडघ्यावर फोन ठेवून बसला होता. लाज वाटू दे.

कापड कुठे खोचलंय, कुठे ताणलंय, कुठे नुसतं लोंबतंय, ते आधी शोधायचं. काष्टा दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचतात, म्हणजे मांडीवरची ओढ तिरकी, आतल्या अंगाला जाणार. तुझ्या रेघा सहावारीच्या निऱ्यांसारख्या सरळ खाली. कोपर वाकलं की पोलक्याची बाही आत गोळा होते आणि बाहेर ताणली जाते. तू दोन्हीकडे सारखंच गिरमिटलंस. वर शेडिंग! मापाची चूक काळी केली म्हणून बुजत नाही.

चित्रकार धुरंधरांची चित्रं बघ. १८९० मध्ये जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून शिरले आणि पुढे तिथेच शिकवत १९३१ पर्यंत राहिले. त्यांच्या नऊवारीतल्या बायकांचा गुडघा लुगड्याखाली कुठे आहे, ते बोट ठेवून सांगता येतं. तुझ्या बाईला गुडघा आहे का?

हा कागद पाठकोरा वापर. उद्यापासून सकाळी एसटी स्टँडवर जायचं. उभी माणसं, प्रत्येकाला दोन मिनिटं. आधी भाराचा पाय, मग खांद्यांची आणि कमरेची तिरकी रेघ, मग डोक्याची मापं, कापड सगळ्यात शेवटी. खोडरबर घरी. चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा लंबगोल. एकालाही डोळे काढलेले दिसले, तर ती वही मी उघडणार नाही.