मोठा अर्धा

भंडारा जिल्ह्यांतील, धानाच्या बांध्यांनीं वेढलेल्या एका लहानशा गांवीं कामानिमित्त गेलों असतां तेथील प्राथमिक शाळेंत घटकाभर बसण्याचा योग आम्हांस आला. पहिलीपासून चौथीपर्यंतचीं मुलें एकाच खोलींत बसलीं होतीं, आणि गुरुजी त्यांतील लहानांस समान व असमान भाग शिकवीत होते. त्यांनीं पोळीएवढा एक गोल कागद एका मुलास देऊन त्याचे दोन भाग करावयास सांगितलें. मुलानें कागद फाडला. एक तुकडा चांगलाच मोठा निघाला. तो उराशीं धरून मुलगा म्हणाला, “मोठा अर्धा माझा, लहान अर्धा ताईचा.” ताई दोन इयत्ता पुढें, त्याच खोलींत होती. सर्व वर्ग हसला, आम्हीही हसलों. परंतु परतीच्या वाटेवर त्या दोन शब्दांनीं आमची पाठ सोडली नाहीं.

वस्तुतः गणितांत ‘मोठा अर्धा’ असा पदार्थच नाहीं. वस्तूचे दोन तुकडे झाले म्हणजे अर्धे झाले असें नव्हे. ते दोन्ही सारखे असले तरच त्यांस तें नांव मिळतें. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हीं आपल्या भाषेंतील जुनीं नांवें याच एका अटीवर उभीं आहेत. पूर्वीच्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी मुलांकडून घोकून घेत. त्यानें तोंडचा हिशेब पक्का होई हें खरें. पण ही अट सांगावयाची मात्र पुष्कळदां राहून जाई. कागद दुमडून, फाडून, तुकडे एकावर एक ठेवून मुलांस ती स्वतःच्या डोळ्यांनीं पाहूं देणें ही सुधारणाच होय. समान म्हणजे काय हें ज्यानें हातानें ताडून पाहिलें, त्यास असमान ओळखण्यासाठीं दुसऱ्याची साक्ष लागत नाहीं.

प्रश्न असा, कीं हा शब्द मुलानें आणला कोठून? पुस्तकांतून खास नव्हे; तो बहुधा घरूनच आला. दुधावरची साय कोणाच्या वाटींत पडते, बहिणीनें भावासाठीं काय राखून ठेवावें, हे धडे शाळेचें तोंड पाहण्यापूर्वींच मुलांस मिळालेले असतात. मोठेपणीं तोच ‘मोठा अर्धा’ सात-बाराच्या उताऱ्यावर येऊन बसतो. १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मुलीस बापाच्या स्वतंत्र मिळकतींत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. एकत्र कुटुंबाच्या वडिलार्जित मिळकतींत जन्मतः हक्क मिळण्यास मात्र महाराष्ट्रांत १९९४ आणि सर्व देशभर २००५ साल उजाडावें लागलें. हिंदु संहितेच्या विधेयकाची झालेली कुचंबणा हें डॉ. आंबेडकरांनीं १९५१ सालीं मंत्रिपद सोडण्याचें एक मुख्य कारण होतें. तेच आंबेडकर १९५४ सालीं याच भंडाऱ्यांतून लोकसभेच्या पोटनिवडणुकीस उभे राहिले आणि पराभूत झाले, याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. कायद्याचा कागद आतां बरोबर मधोमध दुमडला गेला आहे. तरीही वाटणीच्या वेळीं बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवण्याची रीत सुटलेली नाहीं. ती मुकाट्यानें सही करते, आणि त्या मौनास आपण माया म्हणतों.

येथें कोणी विचारील, जें समान तेंच न्याय्य असें तुमचें म्हणणें आहे काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. मोरांड आणि खरडी या जमिनींतला भेद या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणी शिकवावा लागत नाहीं. दोघां भावांस एकेक एकर दिला, पण एकाकडे मोरांड व दुसऱ्याकडे खरडी गेली, तर मापानें समान झालेली वाटणी पिकानें असमान ठरते. तलावाच्या पाळीखालची बांधी आणि पाटाच्या शेवटची बांधी यांचेंही तेंच. अरिस्टॉटलनें वाटणीचा न्याय सरसकट सारख्या भागांत न पाहतां योग्यतेच्या प्रमाणांत पाहिला, तो कांहीं उगाच नव्हे. अडचण एवढीच, कीं योग्यतेचें माप बहुधा ज्याच्या हातीं मोठा तुकडा असतो त्याच्याच हातीं असतें.

मालगुजारीच्या काळीं गांव सोळा आण्यांचा धरून भागीदारांचे हिस्से आण्यांत मोजीत. एकाचे दहा आणे, तर दुसऱ्याचे सहा. ती व्यवस्था न्याय्य होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण दहा आण्यांस कोणी ‘अर्धा’ म्हणत नसे. आमच्या मतें त्या मुलाची चूकही मोठा तुकडा घेण्यापेक्षां त्यास अर्धा म्हणण्यांत अधिक होती. आजाऱ्यास दूध अधिक द्यावें, राबणाऱ्यास भात अधिक वाढावा. मात्र अधिकास अधिक म्हणावें आणि त्याचें कारण सांगावें. तें कारणही असें असावें, कीं लहान तुकडा ज्याच्या वांट्यास आला त्याच्या डोळ्यांस डोळा भिडवून तें सांगतां यावें. समान वाटणीस कारण द्यावें लागत नाहीं. विषम वाटणीस तें द्यावेंच लागतें. हा भेद ज्या मुलास लहानपणीं कळला, त्यास पुढें नीतिशास्त्राचे ग्रंथ वाचावयास न मिळाले तरी फारसें बिघडत नाहीं.

गुरुजींनीं त्या दिवशीं यांतील कांहींच सांगितलें नाहीं. हसें ओसरल्यावर त्यांनीं दुसरा कागद त्याच मुलाच्या हातीं दिला आणि ते म्हणाले, “भाग तूंच कर; पण आधीं उचलील ती ताई.” या खेपेस मुलानें घाई केली नाहीं. कडेला कड जुळवून, नखानें घडी दाबून, ती पुनः उलगडून तो बराच वेळ पाहत राहिला; आणि मग जपून, अगदीं घडीवरून, त्यानें तो कागद फाडला.