अतिथी आणि आगंतुक

एखाद्याचे नाव यादीत घालून त्याच्याशी सर्व व्यवहार तोडावा, ही गोष्ट महाराष्ट्रातील खेड्याला नवी नाही. तिला आपण वाळीत टाकणे म्हणतो. पंचांनी ठरवले की त्या घरच्या लग्नाला कोणी जायचे नाही आणि मयताला खांदा द्यायचा नाही. या दुष्ट चालीविरुद्ध आपल्या विधिमंडळाने २०१६ साली कायदा केला, आणि जुलै २०१७ पासून तो अमलात आला. परंतु वाळीत टाकण्याचा आणखी एक प्रकार आहे. तेथे चावडी नाही, पंच दिसत नाहीत, आणि तरीही मी त्याला सरसकट दुष्ट म्हणू शकत नाही. म्हणून तर हा लेख लिहावासा वाटला.

आमच्या नांद्यापासून हिंजवडीचे संगणक-नगर हाकेच्या अंतरावर आहे. तेथल्या माणसांना मुळशीचा आंबेमोहोर घरपोच द्यावा, अशी कल्पना माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सुचली. तांदूळ घरचा, भाव रास्त, आणि मुलगा प्रामाणिक. पहिले वर्ष बरे गेले. मग कोणी तरी त्याला पन्नास हजार ईमेल-पत्त्यांची यादी विकली. एका रात्रीत त्याने पन्नास हजार घरी पत्रे धाडली. आठवड्याच्या आत अशी वेळ आली की, ज्यांनी आपण होऊन तांदूळ मागवला होता त्यांनाही त्याचे बिल पोचेना. त्याचे नाव काळ्या यादीत गेले होते. तो मला म्हणाला, "सर, मी एक अक्षर खोटे लिहिले नाही. तांदूळ चांगला आहे. मग मी चोर कसा ठरलो?"

प्रश्न साधा नाही. हाच युक्तिवाद ३ मे १९७८ रोजीही झाला असेल. त्या दिवशी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीच्या गॅरी थ्युर्क नावाच्या विक्रेत्याने तेव्हाच्या लहानशा संगणक-जाळ्यावरील सुमारे चारशे लोकांना न विचारता आपल्या नव्या यंत्राची जाहिरात पाठवली. यंत्र चांगलेच होते. त्या पत्रामुळे काही यंत्रे विकली गेली, असे तो पुढे सांगत असे. तरीही लोक संतापले. पुढे अशा पत्रांना स्पॅम हे एका डबाबंद मांसाचे नाव पडले. नको म्हटले तरी पुन्हा पुन्हा ताटात वाढल्या जाणाऱ्या पदार्थाचे नाव त्यांना मिळावे, हे मला फार समर्पक वाटते.

मालाचा चांगुलपणा येथे उपयोगी का पडत नाही? आपल्याकडे १८७९ साली पोस्टकार्ड आले तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. ती किंमत थोडी, पण लिहिणाऱ्याच्या खिशातून जाई, आणि पैसा जाणार म्हटले की माणूस क्षणभर थांबतो: हे पत्र त्याला हवे असेल का? ईमेलने ही थांबण्याची सक्तीच काढून टाकली. एक पत्र लिहा की लाख लिहा, लिहिणाऱ्याला फरक पडत नाही. किंमत नाहीशी झाली असे मात्र नाही. ती वाचणाऱ्याकडे गेली. आपले दहा क्षण तो देतो, आणि तेही कोणी न मागता.

कोणी म्हणेल, अतिथीही न बोलावताच येतो. ज्याच्या येण्याला तिथी नाही तोच अतिथी, आणि त्याला तर आपण देव मानले! खरे आहे. पण अतिथी चालत येतो, थकून येतो, आणि एका वेळी एकाच दारात उभा राहतो. पन्नास हजार दारांत एकाच रात्री उभा राहणारा अतिथी नव्हे, तो आगंतुक. आमच्या गावाच्या नावातच नांदणे आहे, आणि नांदणे म्हणजे नुसते घरात शिरणे नव्हे. त्या घराने आपले म्हणणे त्यात आलेच.

आता, काळ्या यादीत जाऊ नये म्हणून काय करावे, हे सांगणारे पुष्कळ आहेत. पत्ते विकत घेऊ नयेत. ज्याने पत्ता दिला त्याला एकदा लिहून विचारावे, की हा पत्ता तुम्हीच दिलात ना? आरंभी थोडी पत्रे पाठवावीत. जुने, ओसाड पत्ते टाकून द्यावेत, कारण यादी ठेवणारे त्यांतलेच काही सापळे म्हणून मांडून ठेवतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी, मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांवर बंधने घातली: पत्र खरोखर तुमच्याच नावाने निघाले याची खूण हवी, "नको" म्हणायला एक कळ पुरावी, ते "नको" दोन दिवसांत पाळले जावे, आणि तक्रारी हजारी तीनच्या आत राहाव्यात. हे सारे योग्य आहे. पण त्या खुणा एवढेच सिद्ध करतात की पत्र कोणाचे आहे; बोलावले होते का, हे त्या सांगू शकत नाहीत. सगळे शिक्के बिनचूक असलेला माणूसही आगंतुक असू शकतो. पहारेकऱ्याला चुकवण्याची विद्या म्हणून जो हे नियम शिकतो, त्याने नियम पाळले, पण प्रश्न ऐकलाच नाही.

कायद्याने हे सुटेल असे मला वाटत नाही. त्रासदायक ईमेलला गुन्हा ठरवणारे कलम आपल्याकडे होते; मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि योग्यच केले, कारण "त्रास" या शब्दाच्या पोटात एखाद्याची टीकासुद्धा मावते. २०२३ च्या विदा-संरक्षण कायद्याने मात्र एक शहाणी गोष्ट लिहून ठेवली: संमती देणे जितके सोपे, तितकेच ती परत घेणे सोपे असावे. संमती म्हणजे खरेदीखत नव्हे.

राहता राहिली ती यादी. स्टीव्ह लिनफर्ड यांनी १९९८ साली लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केले, आणि त्यांच्या याद्या जगभरची टपाल-यंत्रे पाहतात. या यादीत आणि वाळीत टाकण्यात मला मोठा भेद दिसतो. पंचायत शेजाऱ्याला बजावते की तू त्याच्याशी बोलायचे नाही, बोललास तर तुझीही तीच गत. येथे यादी कोणावर लादली जात नाही. जो तो घरधनी आपल्या दारासाठी ती वापरतो. चूक सुधारली तर नाव निघते, आणि स्पॅमहाउस त्यासाठी दंड घेत नाही. आपले दार लावण्याचा हक्क ज्याला नाही, त्याच्या आतिथ्यालाही अर्थ नाही.

तरीही माझे मन पूर्ण निःशंक नाही. यादीत माणसाचे नाव नसते, यंत्राचा अंकी पत्ता असतो, आणि एका पत्त्यावर पुष्कळदा अनेकांचे बिऱ्हाड असते. एकाच्या उद्योगाने शेजारीही अडतो. शिवाय घरधनी, घरधनी असे मी म्हणतो खरे, पण आज बहुतेकांच्या दाराशी दोन-चार कंपन्यांचेच पहारेकरी उभे आहेत. दार माझे, पण कोणाला हाकलले ते मला कळतही नाही. तेथे मला पुन्हा चावडीचा वास येतो.

त्या मुलाने ती पन्नास हजारांची यादी पुसून टाकली. नाव सुटायला काही आठवडे लागले. आता तो तांदळाच्या प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी घालतो: नवा तांदूळ आला की कळवू का? ज्यांनी होकार दिला असे दोनशेच्या आत पत्ते त्याच्यापाशी आहेत. बाणेरच्या एका बाईंनी चिठ्ठी परत पाठवली, तिच्यावर लिहिले होते, "पत्र नको. तांदूळ मात्र दर महिन्याला पाठवत जा."